बुक नसलेली डुक्कर फियाट

पोरी,

फोटो पाहिले. गोठ्यात उभी, चारही चाकं मातीत रुतलेली, टपावर वैरण, आणि पुढची दारं उलटी उघडणारी ती पन्नासच्या दशकातली फियाट मोटार, लोकांची लाडकी डुक्कर फियाट! तुझा जीव तिच्यात का अडकला ते कळलं. मालक म्हणतो, "बुक सापडत नाही, पण गाडी घरचीच आहे." आणि तू विचारतेस, काका, घेऊ का? त्याआधी मला सांग, बुक, म्हणजे नोंदणीचं आरसी बुक, का नाही? "सापडत नाही" हे काही कारण झालं नाही. त्या दोन शब्दांमागे काय दडलंय यावर गाडी कितीची आणि मुळात घेण्यासारखी आहे का, हे दोन्ही ठरतं.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की कर. मालकी वेगळी, नोंदणी वेगळी. गाडी ही जंगम मालमत्ता. तिचा सौदा १९३० च्या माल विक्री कायद्याखाली होतो. आरसी बुक ही आरटीओच्या दप्तरातल्या नोंदीची नक्कल, थोडीफार सातबाऱ्यासारखी. त्यामुळे बुक नसलेली गाडी विकत घेणं हा काही आपोआप गुन्हा होत नाही. पण विकणाऱ्याचा स्वतःचा जेवढा हक्क असेल तेवढाच तो तुला देऊ शकतो. त्याची नसलेली गाडी तू लाख रुपये मोजून घेतलीस तरी तुझी होणार नाही. आणि ती चोरीची आहे हे ठाऊक असून घेतलीस, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ आहेच.

तू पाठवलेल्या व्हिडिओतला तो अमेरिकन नुसत्या पावतीवर गाडी ट्रेलरवर चढवतो. तिकडे काही राज्यांत ते चालतं. न्यूयॉर्कमध्ये १९७२ आणि त्याआधीच्या गाड्यांना टायटल, म्हणजे मालकीचा दाखला, दिलंच जात नाही, जुन्या नोंदणीच्या कागदावर व्यवहार होतो. ते बघून इथे पावतीपुस्तक घेऊन निघू नकोस.

आता तुझ्या फियाटकडे येऊ. नंबर तीन अक्षरी आहे, म्हणजे १९८९ च्या जुलैत एमएच मालिका सुरू झाली त्याच्या आधीचा. सरकारच्या एम-परिवहन ॲपवर तो टाकलास आणि "रेकॉर्ड सापडलं नाही" असं आलं म्हणून हातपाय गाळू नकोस. जुन्या कितीतरी नोंदी रजिस्टरांतून संगणकात चढल्याच नाहीत. त्याला बॅकलॉग म्हणतात. ज्या आरटीओचा नंबर, तिथे जाऊन नोंदीचे पर्टिक्युलर्स, म्हणजे तपशिलाचा उतारा, मागायचे. एजंट पाठवू नकोस, स्वतः जा, सोबत मालकाला ने. रजिस्टरवर कुणाचं नाव आहे, चासी नंबर काय, कर कधीपर्यंत भरला, कर्जाचा बोजा चढवलेला आहे का, एवढं कळलं की निम्मं काम झालं. (बँक कधीच बंद पडली असली तरी बोजा कागदावर तसाच असतो, आणि तो उतरवल्याशिवाय ट्रान्सफर होत नाही.)

मग गाडीपाशी जा. चासी नंबर घासून साफ कर, त्यावर कागद ठेवून पेन्सिलीची छाप घे. इंजिनाचा नंबरही घे, पण तो जुळला नाही तर लगेच घाबरू नकोस. या गाड्यांत नंतरच्या काळातल्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं इंजिन बसवणं सर्रास चालायचं. त्याची नोंद करून घेता येते, त्रास होतो एवढंच. चासीचा आकडा जुळत नसेल तर मात्र तिथून चहा पिऊन परत ये. त्या आकड्याभोवती वेल्डिंगचा पट्टा दिसला, आकडे वेगवेगळ्या उंचीचे वाटले किंवा तेवढ्याच जागी रंग ताजा असला, तरीही. कागदाच्या गाड्या बाजारात फार फिरतात: भंगारात गेलेल्या गाडीचं बुक कुणीतरी सांभाळून ठेवतो आणि दुसऱ्याच सांगाड्यावर तो नंबर ठोकतो. अशा गाडीचं बुक अगदी नीटनेटकं असतं. मला बुक नसलेल्या गाडीपेक्षा जरा जास्तच स्वच्छ बुकाची भीती वाटते. एनसीआरबीच्या (देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी विभागाच्या) पोर्टलवर चासी आणि इंजिन नंबर टाकून चोरीची तक्रार आहे का तेही बघून घे. पन्नासच्या दशकातली चोरी तिथे दिसेलच असं नाही, तरी बघ.

समजा सगळं जुळलं आणि रजिस्टरवर मालकाच्या आजोबांचं नाव निघालं. खरी कसोटी इथून. आजोबा वारले, गाडी काकांनी वापरली, काकाही गेले, आणि आता विकायला निघालाय तो नातू. त्याच्या नावावर कधी काही झालंच नाही. तो प्रामाणिक असेल, पण गाडीवर एकट्याचा हक्क सांगू शकत नाही. दोन आत्या असतील, एक चुलतभाऊ दुबईत असेल. गाडी गोठ्यात कुजत होती तोवर कुणी ढुंकून पाहिलं नाही. तू पैसे मोजलेस की सगळ्यांना आजोबांची आठवण येईल. म्हणून आधी मृत्यूचा दाखला, वारसांची नावं आणि प्रत्येकाची लेखी ना-हरकत. आत्यांच्या सह्या सोडू नकोस. "त्यांचं काही नसतं हो" असं म्हणणारा माणूस हमखास भेटतो. त्यानंतर फॉर्म ३१ वर गाडी वारसाच्या नावावर, हरवलेल्या बुकासाठी पोलिसांत तक्रार आणि फॉर्म २६, मुदत संपलेल्या नोंदणीसाठी फॉर्म २५ आणि प्रत्यक्ष तपासणी, आणि सगळ्यात शेवटी फॉर्म २९ व ३० वर ती तुझ्या नावावर. नूतनीकरणाची फी २०२२ च्या एप्रिलपासून ६०० वरून ५,००० रुपयांवर गेली आणि गाडी जितकी जुनी तितकी ती वाढते. वर उशिराचा दंड, पर्यावरण कर.

हे सगळं नातवाने करायचं, खर्च हवा तर तू कर. टोकन थोडं दे, करारात लिही की उरलेली रक्कम ट्रान्सफर झाल्यावर. एवढ्यावर तो चिडला तर चिडू दे.

एजंट तुला दुसरा रस्ता सुचवेल: आजोबांच्या सहीचे कोरे टीटीओ, म्हणजे मालकी बदलाचे, फॉर्म. "सह्या जुन्याच आहेत, तारीख टाकू आपण." गेलेल्या माणसाच्या सहीवर आजची तारीख टाकणं याला बनावट दस्तऐवज म्हणतात, आणि त्यावर खरेदीदार म्हणून नाव तुझं असेल.

व्हीए नंबरबद्दलही, म्हणजे विंटेज गाड्यांच्या खास नंबराबद्दलही, विचारलं होतंस. २०२१ च्या जुलैत केंद्राने नियम आणले: ५० वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूप राखलेल्या खासगी गाड्यांना विंटेज नोंदणी, फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. लोकांना वाटलं बिनकागदाच्या गाड्या पावन झाल्या. तसं नाही. गाडी आधी भारतात नोंदलेली असेल तर जुनी आरसी मागतात, बाहेरून आणलेली असेल तर कस्टम्सचं बिल ऑफ एंट्री. शिवाय ती गाडी रोज चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यापुरतीच. तुला रविवारी वाईला जायचंय, तर तुझ्या कामाचा तो नंबर नाही.

लष्कराच्या लिलावातली म्हणून सांगितलेली जीप, दूतावासाची म्हणून सांगितलेली मर्सिडीज यांच्या वाटेला तू सध्या जाऊच नकोस. लिलावाचा किंवा कस्टम्सचा मूळ कागद नसेल तर ती शोभेची वस्तू.

किमतीचं म्हणशील तर, जोपर्यंत नोंद सापडत नाही तोपर्यंत ही गाडी म्हणजे सुट्या भागांची बेरीज. दारं, काचा, जाळी, डॅशबोर्ड, मूळ हबकॅप असतील तर ते, आणि पत्रा किती गळलाय ते वजा. कागदवालीच्या तिसऱ्या हिश्श्यावर मी तरी जात नाही. आणि टोचन करून घरी आणलीस तरी कागद होईपर्यंत "जरा कोपऱ्यापर्यंत" म्हणूनही बाहेर काढू नकोस. चालू नोंदणी नाही म्हणजे विमा नाही, आणि कुणाला धक्का लागला तर भरपाई तुझ्या खिशातून.

आता तुझ्या अंगणातली जुनी हेराल्ड मोटार. ती विकायची म्हणतेस, तिचं बुक बाबांच्या नावावर. घेणारा म्हणतो, ट्रान्सफर नंतर करतो. अजिबात नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा खटला होता. गाडी एकामागून एक हातांत फिरली, नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली, आणि अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात पडली. हेराल्ड बाबांच्या नावावरून उतरल्याशिवाय किल्ली देऊ नका. तो फक्त भाग काढून घेणार असेल, तर आधी कलम ५५ खाली नोंदणी रद्द करून घ्या आणि पावतीवर लिहा: "चालू अवस्थेत नाही, नोंदणी रद्द, सुट्या भागांसाठी विक्री", चासी नंबरासकट, दोघांच्या सह्या, त्याच्या ओळखपत्राची प्रत. नंबर प्लेटी काढून घरातच ठेवा.

चासीची छाप घेतलीस की फोटो पाठव. रविवारी पाठवू नकोस, त्या दिवशी मी मोबाईल बघत नाही.

तुझा,
काका