वाचकांचे प्रश्न : पाण्याखालच्या छायाचित्रणासाठी कॅमेरा आणि हाउसिंग

प्रश्न : मी स्कूबा डायव्हिंगचे प्राथमिक प्रशिक्षण पूर्ण केले आहे आणि आता पाण्याखाली छायाचित्रे काढावीत अशी इच्छा आहे. आधी चांगला डिजिटल कॅमेरा घेऊन नंतर त्याला बसणारे हाउसिंग (कॅमेऱ्याभोवतीची जलरोधक पेटी) शोधावे, की उलट करावे? शिवाय काही कॅमेरे मुळातच जलरोधक असतात. मग त्यांना हाउसिंगची गरज काय?

उत्तर : क्रम उलट ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हाउसिंग ही कोणत्याही कॅमेऱ्याला चालणारी पेटी नसते. ती एका विशिष्ट मॉडेलच्या मापाने, त्याची बटणे आणि फिरवायची चक्रे जिथे असतील तिथेच दांडे पोहोचतील अशा रीतीने तयार केलेली असते, आणि त्याच कंपनीच्या पुढच्या मॉडेलमध्ये एखादे बटण काही मिलिमीटर सरकले तरी जुने हाउसिंग निरुपयोगी ठरते. हाउसिंग तयार करणारे उत्पादकही मोजक्याच, जास्त खपणाऱ्या मॉडेलांची निवड करतात. त्यामुळे उत्तम पण हाउसिंग नसलेला नवा कॅमेरा घेण्यापेक्षा एक पिढी जुना, पण ज्याचे हाउसिंग, पोर्ट (भिंगासमोरची हाउसिंगची काच) आणि सुटे भाग सहज मिळतात असा कॅमेरा घेणे शहाणपणाचे आहे. शक्य असेल तर दोन्ही वस्तू एकाच वेळी घ्याव्यात, कारण मॉडेल बंद झाले की त्याच्या हाउसिंगचे उत्पादनही लवकरच थांबते.

जलरोधक कॅमेऱ्याविषयी निर्णय घेताना खोलीचा आकडा नीट वाचावा. समुद्रात दर १० मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे ३० मीटरवर कॅमेऱ्यावर पृष्ठभागाच्या चौपट दाब असतो. ऑलिंपसच्या टफ मालिकेतील टीजी-६ हा या वर्गातला लोकप्रिय कॅमेरा हाउसिंगशिवाय १५ मीटरपर्यंत चालतो, तर प्राथमिक प्रशिक्षण घेतलेल्या डायव्हरला सामान्यतः १८ मीटरपर्यंत जाण्याची मुभा असते. स्नॉर्केलिंगसाठी असा कॅमेरा नुसता पुरेसा आहे. डायव्हिंगसाठी त्यालाही हाउसिंग घालावे. तसे केल्यास एक मोठा फायदा मिळतो, तो म्हणजे हाउसिंगमध्ये पाणी शिरले तरी आतला कॅमेरा बहुधा बचावतो. नवशिक्याला मी हीच जोडी सुचवतो.

कॅमेऱ्याच्या गुणांमध्ये मेगापिक्सेलला मी फारसे महत्त्व देत नाही. रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता, चित्र साठवण्याची सोय, भिंगाचे छिद्र आणि शटरवेग स्वतः ठरवण्याची मुभा, जवळच्या वस्तूवर चटकन होणारा फोकस आणि पाण्याखालीच व्हाइट बॅलन्स (प्रकाशानुसार रंगांचा समतोल) ठरवता येणे, या चार गोष्टी आधी पाहाव्यात. मग प्रत्येक सोय हाउसिंगच्या बाहेरून, हातमोजे घातलेल्या बोटांनी वापरता येते का, हे प्रत्यक्ष हातात घेऊन तपासावे. अनेक स्वस्त हाउसिंगमध्ये शटर आणि झूम सोडून बाकीची चक्रे बाहेरून फिरवताच येत नाहीत.

हाउसिंग पॉलिकार्बोनेटचे (कठीण प्लास्टिकचे) घ्यावे की अॅल्युमिनियमचे, हा पुढचा प्रश्न असतो. पॉलिकार्बोनेटचे हाउसिंग हलके आणि तुलनेने स्वस्त असते, आणि ते पारदर्शक असल्यास आत शिरलेला पाण्याचा थेंब लगेच दिसतो. मात्र त्यातून उष्णता सहज बाहेर जात नसल्यामुळे काचेवर वाफ धरण्याचा त्रास अधिक होतो. अॅल्युमिनियमचे हाउसिंग कॅमेऱ्याची उष्णता पाण्याला देते, जास्त खोली सोसते आणि वर्षानुवर्षे टिकते. वाफेवर साधा उपाय असा, की हाउसिंग दमट, उकाड्याच्या डेकवर न लावता कोरड्या, थंड खोलीत बंद करावे आणि आत सिलिका जेलची पुडी ठेवावी.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. पाण्यात न हलता तरंगत राहण्याचा सराव पक्का होईपर्यंत कॅमेरा किनाऱ्यावर ठेवावा. दृश्यदर्शकात गुंतलेल्या डायव्हरचे पाय प्रवाळावर आपटतात, आणि एका लाथेने तुटलेली प्रवाळाची फांदी पुन्हा वाढायला अनेक वर्षे लागतात. हवेचा काटा पाहायचे राहून जाते, ते वेगळेच.

प्रश्न : माझी सर्व छायाचित्रे निळसर, फिकट येतात. कॅमेऱ्याचा फ्लॅश लावला तर चित्रभर पांढरे ठिपके उमटतात. यासाठी महागडा कॅमेरा घ्यावा लागेल का?

उत्तर : नाही, तो खर्च स्ट्रोबवर, म्हणजे हाउसिंगबाहेर बसवायच्या वेगळ्या जलरोधक फ्लॅशवर करावा. पाणी प्रकाशातला लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते, आणि पहिल्या पाच ते दहा मीटरांतच त्याचा बराचसा भाग नाहीसा होतो. त्यानंतर नारिंगी व पिवळ्याची पाळी येते. हे शोषण केवळ खोलीवर नव्हे, तर प्रकाशाने पाण्यातून कापलेल्या एकूण अंतरावर अवलंबून असते. म्हणून स्ट्रोब वापरूनही मासा २ मीटरवर असेल, तर प्रकाश जाताना आणि परतताना मिळून ४ मीटर पाणी कापतो आणि लाल रंगाचा बराच भाग वाटेतच शोषला जातो. जवळ जाणे हाच उपाय आहे. शक्यतो एक मीटरच्या आत, आणि लहान जिवांसाठी वीतभर अंतरावर. लाल फिल्टर उथळ, उजेडाच्या पाण्यात उपयोगी पडतो, पण स्ट्रोबबरोबर तो वापरू नये.

ठिपके का येतात? कॅमेऱ्याचा फ्लॅश भिंगाला चिकटून असल्यामुळे भिंगासमोर तरंगणारा प्रत्येक कण तो उजळतो आणि तो प्रकाश सरळ भिंगात परततो. स्ट्रोब लांब बाहूंवर दोन्ही बाजूंना नेऊन किंचित बाहेर वळवले, तर भिंग आणि विषय यांच्यामधले पाणी अंधारात राहते आणि फक्त विषय उजळतो.

इथे कॅमेऱ्याच्या निवडीशी थेट संबंध येतो. बहुतेक स्ट्रोब कॅमेऱ्याच्या स्वतःच्या फ्लॅशचा इशारा फायबर ऑप्टिक तारेतून घेतात. परंतु कित्येक मिररलेस (भिंग बदलता येणाऱ्या, पण आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांमध्ये अंगचा फ्लॅशच नसतो, आणि मग हाउसिंगमध्ये स्ट्रोबला इशारा देणारा वेगळा एलईडी ट्रिगर बसवावा लागतो किंवा विजेच्या तारेची जोडणी करावी लागते. दुसरे असे, की बहुतेक मिररलेस आणि एसएलआर (आत आरसा असलेल्या) कॅमेऱ्यांत फ्लॅशसोबत शटरवेग सेकंदाच्या सुमारे १/२०० ते १/२५० पर्यंतच नेता येतो. भिंगातच शटर असलेले अनेक लहान कॅमेरे याहून बरेच वेगाने फ्लॅशशी जुळतात, त्यामुळे सूर्य चौकटीत असतानाही मागचे पाणी गडद निळे ठेवता येते. लहान कॅमेऱ्याला कमी लेखणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

प्रश्न : सपाट पोर्ट घ्यावे की घुमटाकार?

उत्तर : विषयावर अवलंबून आहे. सपाट काचेतून पाहताना अपवर्तनामुळे वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठी दिसते आणि भिंगाचा दृश्यकोन आकसतो. मॅक्रोसाठी, म्हणजे लहान जिवांच्या अगदी जवळून काढलेल्या चित्रांसाठी, हे सोयीचे आहे. रुंद कोनाच्या भिंगाला मात्र सपाट पोर्टमागे कडा धूसर आणि रंग फाटलेले मिळतात, म्हणून तिथे घुमटाकार पोर्टच हवे. घुमटामुळे दूरच्या दृश्याचीही प्रतिमा काचेपासून अगदी थोड्या अंतरावर तयार होते, त्यामुळे खूप जवळ फोकस होणारे भिंगच त्यामागे चालते. कॉम्पॅक्ट कॅमेरा असेल, तर पोर्टवर बाहेरून बसणारी आणि पाण्यातच काढता-घालता येणारी भिंगे घ्यावीत. एकाच डायव्हमध्ये दोन्ही प्रकार साधता येतात.

प्रश्न : हाउसिंगमध्ये पाणी शिरू नये म्हणून काय करावे, आणि शिरलेच तर?

उत्तर : पाणी शिरण्याचे कारण बहुतेक वेळा ओ-रिंगवरचा (हाउसिंगचा सांधा बंद करणाऱ्या रबरी कड्यावरचा) एखादा केस, वाळूचा कण किंवा वाळलेले मीठ असते. ओ-रिंग टोकदार वस्तूने न काढता बोटाने काढावी, खाच पुसावी, आणि उत्पादकाने दिलेलेच ग्रीस चमक येईल इतके पातळ लावावे. ग्रीस पाणी अडवत नाही. ओ-रिंग नीट सरकून बसावी एवढेच त्याचे काम असते आणि जाड थरात कचरा अडकतो. नवे हाउसिंग प्रथम कॅमेऱ्याशिवाय पाण्यात नेऊन आणावे. हाउसिंगमधली हवा पंपाने काढून निर्वात स्थिती टिकते की नाही हे दाखवणारी यंत्रणा मिळत असेल, तर ती अवश्य घ्यावी, कारण पाण्यात उतरण्यापूर्वीच दोष कळतो.

कॅमेरा हातात घेऊन नावेतून उडी मारू नये, तो नंतर मागून घ्यावा. पहिल्या एक-दोन मीटरवर थांबून बुडबुडे येतात का ते पाहावे, कारण तिथे दाब कमी असल्यामुळे ओ-रिंग अजून घट्ट दाबली गेलेली नसते. डायव्ह संपल्यावर मीठ वाळण्याआधी हाउसिंग गोड्या पाण्यात बुडवून प्रत्येक बटण काही वेळा दाबावे.

पाणी शिरलेच, तर ते कॅमेऱ्यापासून दूर साचेल अशा बेताने हाउसिंग धरावे आणि नेहमीच्याच सावकाश गतीने, सुरक्षा थांबा (वर येताना घ्यायचा ठरावीक थांबा) घेऊन वर यावे. कॅमेऱ्यासाठी घाईने वर येणे जिवावर बेतू शकते. बाहेर आल्यावर कॅमेरा चालू करून पाहू नये, बॅटरी लगेच काढावी. मेमरी कार्ड गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवले, तर त्यावरची छायाचित्रे बहुधा परत मिळतात.