बघितलं नाही तर सही नाही

बाळा,

तुझे तेलवाहू जहाजांवरचे मित्र तुझ्या इंग्लंड-फ्रान्समधल्या डोव्हर-कॅले फेरीबोटीला ‘बस’ म्हणून हसतात, ते सोड. त्यासाठी कुणी साइन ऑफ करून, बोट सोडून घरी येत नाही. तुझी खरी अडचण पत्राच्या शेवटी आहे. वरचा अधिकारी म्हणतो, ‘तपासून झालंय सगळं, सही कर’, आणि तू ते बघितलेलं नसतं. सही करायची का?

नाही. बघितलं नाही तर सही नाही.

घाई कसली असते ते मला ठाऊक आहे. खाडी जेमतेम 33 किलोमीटर, दीड तासात पलीकडे. तिथे गाड्या उतरवायच्या, नव्या चढवायच्या, लॅशिंग करायचं, म्हणजे त्या साखळ्यांनी डेकला बांधायच्या, दार लावायचं, की निघाले. मोठ्या जहाजावर बंदर सोडायची वेळ कितीतरी दिवसांनी येते. तुझ्यावर ती एकाच दिवसात पुन्हा पुन्हा येते, आणि संध्याकाळपर्यंत माणूस बघायचं सोडून धरून चालायला लागतो.

6 मार्च 1987 ला बेल्जियमच्या झीब्रुगाहून ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ ही फेरीबोट निघाली, ती पुढची दारं सताड उघडी टाकून. दारं लावायची ज्याची ड्युटी, तो असिस्टंट बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाचा मदतनीस, केबिनमध्ये झोपला होता. खुद्द मुकादम, बोसन, तिथेच दारापाशी काम करत होता. शेवटची गाडी आत आल्यावर त्याने साखळी आडवी लावली आणि तो निघून गेला. दारं लावणं किंवा लावायला कुणी आहे का ते बघणं, हे आपलं काम कधीच नव्हतं, असं त्याने चौकशीत सांगितलं. साखळी लावणारा हात दारापासून कितीसा लांब असेल रे? चीफ ऑफिसरला वाटलं, असिस्टंट बोसन येतोय. कॅप्टनला कुणी काही कळवलं नाही, म्हणजे सगळं ठीक. ब्रिजवर, जिथून बोट चालवतात तिथे, दार उघडं की बंद ते दाखवणारा दिवा नव्हता. तो बसवा असं कॅप्टन लोकांनी आधी सांगूनही झालं होतं. बरं, हे पहिल्यांदाही नव्हतं. 1983 मध्ये तिचीच जोडीची बोट अशीच दारं उघडी ठेवून डोव्हरहून निघाली होती, आणि तेव्हाही माणूस झोपलेलाच होता.

हेराल्डच्या वरच्या डेकला बंदराचा रॅम्प पोचावा म्हणून भरतीच्या वेळी नाकाकडच्या टाक्यांत पाणी भरून बोट पुढून खाली दाबली होती. तशीच ती निघाली. वेग वाढला तशी लाट आत आली. कार डेकवर मध्ये एकही भिंत नसते. पाणी एका अंगाला धावलं आणि दीडेक मिनिटात बोट आडवी. 193 माणसं गेली.

आता दिवे आहेत, कॅमेरे आहेत, हे मला सांगू नकोस. 1994 मध्ये बाल्टिकमध्ये ‘एस्टोनिया’चं पुढचं झाकण लाटांनी तुटलं, ते ब्रिजवरून दिसतच नव्हतं. 852 माणसं. दिवा बघ, आणि जाऊन दारही बघ. ट्रकची साखळी हाताने ओढून बघ.

मी हेच करायचो. माझ्यामुळे उशीर होतो, अशी ओरड असायची. एका कंपनीने माझं कंत्राट पुढे वाढवलं नाही. घराचं कर्ज फिटायचं होतं, तुझ्या काकूने बांगड्या मोडल्या. त्याची हळहळ आजही आहे. पण ओढून बघितलेल्या एकाही साखळीची नाही. मला हटवादी म्हणणारे अजून भेटतात. म्हणू देत! माझ्या सहीवर निघालेल्या बोटीत न बघितलेलं काही नव्हतं.

नोकरीची तुझी भीती खोटी नाही. मार्च 2022 मध्ये पी अँड ओ फेरीजने जवळपास 800 खलाशांना व्हिडिओवर निरोप देऊन घरी बसवलं आणि एजन्सीची स्वस्त माणसं घेतली. त्या एजन्सीच्या माणसांत आपले भारतीयही होते. तूही एजन्सीचाच. पगार कमी आहे म्हणून बघणंही कमी, असं मनात आणलंस तर मला पुन्हा लिहू नकोस.

आणि विश्रांतीच्या तासांचा तक्ता. चोवीस तासांत किमान 10 तास, आठवड्यात 77, आणि त्यातले निदान सहा तास सलग, असा नियम आहे. तुमच्याकडे तो तक्ता आधीच भरून येतो असं लिहिलंयस. जेवढा झोपलास तेवढंच त्यावर हवं. वेगळी वही कर, रोजचे तास लिही, आणि पुढच्या पत्रासोबत पानांचे फोटो पाठव. ते बघितल्यावर परत यायचं की नाही यावर बोलू.

तुझा,
काका