वाचक विचारतात : 26 जानेवारीची दौड

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी 26 जानेवारीला 5 आणि 10 किलोमीटरची दौड भरवतो आहोत. दोन्हींना दीडदीडशे नावं येतील. सातला आमदारांच्या हस्ते सुरुवात ठरली आहे. वेळ बरोबर आहे ना?

उत्तर : पंधरा मिनिटं अलीकडे आणा आणि आमदारांना बक्षिसांसाठी बोलवा. मुख्य शासकीय ध्वजवंदन 9.15 ला असतं आणि 8.30 ते 10 या वेळेत दुसरे शासकीय कार्यक्रम ठेवत नाहीत. तुमचं मंडळ खासगी असलं तरी बंदोबस्ताचे पोलीस आणि नगरपरिषदेची माणसं आठनंतर तिकडे जाणारच. म्हणून हिशोब उलटा करायचा : 8.15 ला रस्ता मोकळा, 10 किलोमीटरला दीड तास, म्हणजे 6.45 ला सुरुवात. पाहुण्यांसाठी थांबलात तर तेवढी मिनिटं मागच्या धावपटूला बंदोबस्ताविना धावावं लागतं. शाळकरी मुलांची शर्यत त्या सकाळी नकोच, त्यांना गणवेशात झेंडावंदनाला हजर राहायचं असतं. ती 25 तारखेला संध्याकाळी घ्या. सकाळी सहाच्या आत लाउडस्पीकर लावता येत नाही, तेव्हा माइकची चाचणीही आदल्या दिवशीच उरका.

प्रश्न : मार्ग मोबाइलवर मोजला. एकाचा फोन 10.2 दाखवतो, दुसऱ्याचा 9.9. खरं कोणतं धरायचं?

उत्तर : दोन्ही सोडा. झाडी, इमारती आणि वळणं आली की फोनचा जीपीएस भरकटतो. मान्य पद्धत सायकलने मोजण्याची आहे. त्यासाठी पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं छोटं यंत्र लावतात. ते नसेल तरी काम भागतं.

सरळ, सपाट रस्त्यावर 30 मीटरची पोलादी टेप ताणून दहा वेळा लावा आणि 300 मीटरच्या दोन्ही टोकांना खिळा ठोका. कापडी टेप ताणली जाते, ती नको. पुढच्या चाकाच्या व्हॉल्व्हजवळ लाल फीत बांधा. एकाने सायकल चालवायची, शेजारून दुसऱ्याने दुसऱ्या सायकलवरून नामजपाच्या बोटातल्या काउंटरवर फेऱ्या मोजायच्या. अपुरी फेरी आरे मोजून काढा. चार वेळा जाऊन सरासरी घ्या. समजा 300 मीटरला 143.5 फेऱ्या झाल्या, तर 5 किलोमीटरला 2,391.7 होतात. त्याला 1.001 ने गुणा, 2,394 येतात. हे हजारी एक जादा मुद्दाम धरतात, कारण मार्ग किंचित लांब निघाला तर चालतो, तोकडा निघाला तर कोणाचीच वेळ खरी राहत नाही. मोजताना धावपटू जो सर्वांत जवळचा रस्ता धरेल तोच धरा. वळणावर कडेपासून 30 सेंटिमीटर. मोजणी संपल्यावर त्याच 300 मीटरवर पुन्हा चार फेऱ्या मारून आकडे पडताळा. मधे चाकातली हवा उतरली असेल, तर प्रत्येक फेरीत कमी अंतर कापलं जातं आणि मार्ग तोकडा पडतो.

जाऊन-येऊन मार्ग ठेवलात तर एकदाच 5 किलोमीटर मोजावे लागतात. वळसा नुसत्या प्लास्टिकच्या कोनवर (रस्त्यावर ठेवतात त्या शंकूवर) सोडू नका. रंग मारा आणि जवळच्या खांबापासून किती मीटर ते लिहून ठेवा. पहाटेच्या अंधारात स्वयंसेवक कोन दिसेल तिथे मांडतो आणि आठवडाभराची मोजणी पाण्यात जाते.

प्रश्न : गेल्या वर्षी वेळांच्या यादीत 187 नोंदी आणि नंबरांच्या यादीत 186. भांडणं झाली. वेळ आपोआप नोंदवणारी चिप परवडत नाही.

उत्तर : तीनशे जणांना चिपची गरजही नाही. बिबच्या, म्हणजे छातीवर लावायच्या नंबरच्या कागदाच्या, तळाशी नंबर असलेली, फाडता येणारी पट्टी छापून घ्या. अंतिम रेषेपलीकडे दोर बांधून मीटरभर रुंद, 25 मीटर लांब बोळ करा. बोळात कोणी कोणाला ओलांडायचं नाही. शेवटी उभा असलेला माणूस पट्टी फाडून तारेत ओवतो. तारेवरचा क्रम हाच निकालाचा क्रम. वेळ घेणाऱ्याने बिबकडे बघायचंच नाही, छाती रेषेवर आली की बटण दाबायचं. त्याचा फोन एअरप्लेन मोडवर हवा, भर गर्दीत आलेला कॉल सगळं घालवतो.

तुमच्या भांडणाचा उपाय तिसरा माणूस आहे. दर पंधरावीस जणांमागे एकाचा नंबर आणि घड्याळातली वेळ त्याने वहीत लिहायची. दोन याद्या जुळल्या नाहीत तर या खुणांवरून घोळ नेमका कोणत्या वीस जणांत आहे ते सापडतं, सगळी यादी उकरावी लागत नाही. जादा नोंद बहुधा बिब न लावता शेवटी सोबत धावलेल्या मित्राची असते. त्याला रेषेआधीच बाजूला काढायला एक खमका माणूस ठेवा. घड्याळासह रेषा दिसेल असा एक फोन स्टँडवर लावून चित्रीकरण चालू ठेवा, पैज लावणारे तिथेच गप्प होतात. दोन्ही शर्यतींच्या बिबचे रंग वेगळे ठेवा.

प्रश्न : पाणी किती?

उत्तर : एक टेबल अडीच किलोमीटरवर ठेवा, तिथे 5 किलोमीटरवाले वळतात आणि 10 वाले जाता-येता दोनदा भेटतात. साधारण 450 ग्लास, प्रत्येकी 150 मिली. 20 लिटरचे चार जार. पाचव्या किलोमीटरवर दोन, शेवटी आठ. ग्लास कागदी घ्या. काठोकाठ भरू नका, निम्मं अंगावर सांडतं. कचऱ्याचे डबे टेबलाशी नव्हे, 40 मीटर पुढे ठेवा.

प्रश्न : 108 ला आधी सांगून ठेवलं तर पुरे ना?

उत्तर : नाही. तुमच्या शर्यतीच्या वेळी ती गाडी दुसरीकडे अपघाताला गेलेली असू शकते. खासगी रुग्णवाहिका भाड्याने घेऊन अंतिम रेषेजवळ उभी करा. रेषा ओलांडून पडणारे बहुतेक जण अचानक थांबल्यामुळे पडतात. रक्त पायांत उतरतं, घेरी येते. उताणं झोपवून पाय उंच धरले की काही मिनिटांत सावरतात. म्हणून बोळात कोणाला थांबू देऊ नका, चालवत राहा. धावता धावता, रेषेच्या आधी कोसळला तर मात्र प्रकरण गंभीर धरा. हाक मारून प्रतिसाद नाही, श्वास नीट नाही, तर पाणी पाजत बसू नका. छातीच्या मध्यावर 5 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 दाब लगेच सुरू करा आणि रुग्णवाहिका बोलवा. असे दाब देता येणारी निदान दोन माणसं रेषेवर आणि एक मोटारसायकलवर मार्गात हवीत.