उत्तर: पबमध्ये रील पळू लागते तेव्हा

नमस्कार.

रीलची लय किती असावी आणि ती पळू लागली तर आवरावी कशी, हा आपला प्रश्न वाचला. आयर्लंडमधल्या कॉर्कच्या पबमध्ये दर शुक्रवारी आपण चौघे आयरिश नृत्यसंगीत वाजवता. पहिली रील बेताने सुरू होते, मग कोपऱ्यातून कोणीतरी टाळ्या धरतो आणि सेटमधल्या तिसऱ्या धुनेपर्यंत लय अशी सुटते की फिडल वाजवणाऱ्या ताईंची बोटे मागे राहतात. गिटारवर असलेले आपले मित्र म्हणतात की लय आवरली तर लोक पाठ फिरवून गप्पांना लागतात. आमचा गट बरीच वर्षे याच पेचात होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रील (चारच्या चालीची नृत्यधून), जिग (सहाच्या चालीची), सेट (सलग जोडून वाजवलेल्या धुना) या गोष्टी आणि सेशनचे, म्हणजे पबमधल्या अनौपचारिक एकत्र वादनाचे, शिष्टाचार आपल्याला ठाऊक आहेत असे धरून चालतो. आणखी एक आधीच सांगतो. मी लाकडी फ्लूट वाजवतो, गॉलवे परगण्यात राहतो आणि हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय नाही. पूर्व क्लेअर आणि पूर्व गॉलवेच्या संथ, किंचित उदास वळणाच्या वादनाकडे माझा कान झुकलेला आहे. जलद वादनाची परंपरा असलेल्या डोनेगलचा एखादा फिडलवादक हेच उत्तर वाचून अर्धे खोडून टाकील, आणि त्याच्या परंपरेपुरते ते बरोबरही असेल.

आपण आकडा विचारला आहे, तो देतो, पण त्याला चिकटून बसू नये. एका बारला (धुनेच्या एका मापाला) दोन ठोके धरले तर रीलसाठी मिनिटाला ११० ते ११५ ठोके ही पबमध्ये पुरेशी चपळ लय आहे. आपले वर्णन पाहता आपण शेवटी १३० च्या आसपास पोहोचत असाल. आता हिशोब करून पाहा. ३२ बारची धून, तीन धुना, प्रत्येक तीनदा: ११२ ला हा सेट पाच मिनिटे आणि काही सेकंद चालतो, १३० ला साधारण चार मिनिटे पंचवीस सेकंद. म्हणजे एवढा जीव काढून आपण श्रोत्यांना पाऊण मिनिट कमी संगीत देता. त्या बदल्यात जाते काय, तर रोल, म्हणजे एका स्वराभोवतीची सजावट. लांब रोलमध्ये मूळ स्वर, वरचा कट (बोट क्षणभर उचलून), पुन्हा मूळ स्वर, खालचा टॅप (बोट क्षणभर आपटून) आणि पुन्हा मूळ स्वर एवढे सगळे तीन छोट्या स्वरांच्या (एका ठोक्यात असे चार) जागेत बसवावे लागते. ११२ ला त्यासाठी सुमारे ०.४० सेकंद मिळतो, १३० ला ०.३५. कागदावर हा फरक नगण्य दिसतो, पण फ्लूटवर तेवढ्यात कट आणि टॅप एकमेकांत मिसळून नुसती गुरगुर उरते. श्वासासाठी कोणता स्वर सोडायचा हे ठरवायलाही वेळ राहत नाही. मिळेल तिथे श्वास घ्यावा लागतो आणि वाक्य मधेच तुटते.

आपल्यासारख्या मराठी घरात वाढलेल्यांची यात एक वेगळी अडचण होते, असे माझे मत आहे. बडा ख्याल, मग छोटा ख्याल, सतारीवर शेवटी झाला असे ऐकत आपले कान तयार झालेले असतात, त्यामुळे लय वाढली म्हणजे मैफल रंगली हे समीकरण आपल्यात मुरलेले असते. आयरिश नृत्यसंगीताच्या सेटला ते लागू होत नाही. तिथे लय पहिल्या बारपासून शेवटपर्यंत जवळपास तीच राहते आणि चढ दुसऱ्याच गोष्टींतून येतो: धून बदलताना स्वरपट्टी वर सरकते, एका फेरात नुसते फिडल असते आणि पुढच्या फेरात सगळे उतरतात, ठोक्यावरचे वजन बदलते. ज्याला इथले वादक ‘लिफ्ट’ म्हणतात ते याच वजनाचे काम आहे. स्वर सारख्या अंतराने ठेवले तर १२५ लाही संगीत सपाट वाटते. पहिला स्वर किंचित लांबवून दुसरा हलका सोडला तर १०५ लाही लोकांचे पाय हलू लागतात.

आता टाळ्या. श्रोते मुद्दाम घाई करतात असे नाही. पंधरा मीटरवर बसलेल्या माणसाला आपला ठोका सेकंदाच्या सुमारे ०.०४ भागाने उशिरा ऐकू येतो, आणि त्याची टाळी आपल्यापर्यंत यायला तेवढाच वेळ लागतो. दोन्ही मिळून जवळपास ०.०९ सेकंद. ११२ च्या रीलमध्ये एक छोटा स्वर ०.१३ सेकंदाचा असतो, म्हणजे टाळी ऐकू येते तेव्हा स्वराचा दोन-तृतीयांश भाग उलटून गेलेला असतो. तिच्याशी जुळवायला गेलो की वादकांपैकी एक मागे ओढतो, दुसरा बिथरून पुढे जातो, आणि बहुतेक वेळा पुढे जाणाराच जिंकतो. त्यात पबमधला गोंगाट वाढला की प्रत्येक जण जोराने वाजवतो, आणि जोर वाढवला की बहुतेकांची लयही नकळत वाढते. उपाय साधा आहे: खुर्च्या जवळ ओढाव्यात. गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, गोलात बसावे, श्रोत्यांकडे तोंड करून रांगेत नव्हे. शेजाऱ्याचे फिडल टाळ्यांपेक्षा स्पष्ट ऐकू आले की निम्मा प्रश्न सुटतो. टाळ्या फारच बोकाळल्या तर पुढचा सेट स्लिप जिगचा धरावा. नऊच्या त्या चालीत टाळ्या धरणारे बहुधा दुसऱ्या फेरातच अडखळून थांबतात, आणि कोणाचा अपमानही होत नाही.

गिटारवाल्या मित्रांविषयी थोडे स्पष्ट लिहितो, राग नसावा. बहुतेक गटांत लय पळवतो तो साथ करणारा. धून वाजवणाऱ्याला बोटांची आणि श्वासाची मर्यादा असते. गिटारवर हात खालीवर करणाऱ्याला ती फार उशिरा जाणवते. पहिल्या धुनेचा पूर्ण एक फेर त्यांनी हात बांधून ऐकावा आणि मगच साथीला उतरावे, एवढे महिनाभर करून पाहा. त्यांचे उतरणे हाच पहिला चढ ठरतो. लोक पाठ फिरवतात ते लय कमी असते म्हणून नव्हे. पहिल्या बारपासून सगळ्यांनी सगळे ओतलेले असते आणि पुढे देण्यासारखे काही उरलेले नसते, म्हणून फिरवतात.

आता ज्या प्रकरणाने आमचे सर्वांत जास्त नुकसान केले ते सांगतो. एका गावच्या उन्हाळी उत्सवाच्या कार्यालयाने आम्हाला बोलावले. नाव लिहीत नाही. आमच्यासोबत स्टेप डान्सच्या, म्हणजे एकट्याने करायच्या आयरिश पदन्यास-नृत्याच्या, मुली नाचणार होत्या. नृत्य कोणते आणि लय किती, असे आम्ही लेखी विचारले. उत्तर आले की एक जिग आहे आणि कार्यक्रम ‘उत्साही आणि चैतन्यपूर्ण’ ठेवावा. पुन्हा विचारले, तर तेच वाक्य पुन्हा आले, या वेळी वाहनतळाच्या नकाशासह. हलक्या बुटांची लाइट जिग ११६ च्या आसपास चालते. कडक बुटांची ट्रेबल जिग खुल्या गटात (स्पर्धांतल्या सर्वांत वरच्या गटात) ७३ वर नाचतात, कारण तिथे एका ठोक्यात टाचा-चवड्यांचे कितीतरी आघात बसवायचे असतात. दोन्ही जिगच. ‘चैतन्यपूर्ण’ या शब्दावरून कोणीही पहिलीच समजेल.

पंधरा-सोळा वर्षांची मुलगी मंचावर आली, उजवा पाय पुढे ताणून, हात अंगालगत सरळ ठेवून उभी राहिली. तिच्या पायांत कडक बूट आहेत हे दिसेपर्यंत आमची धून सुरू झाली होती. सुरुवातीचे आठ बार ती प्रथेप्रमाणे थांबली, पण तिचा चेहरा पहिल्या दोनांतच बदलला होता. मग तिने नाच सुरू केला, चार बार झगडली, लाकडी फळीवर सुटे वाजायला हवे होते ते आघात एकमेकांवर कोसळले. मग तिने शांतपणे पाय जुळवले, मान लववली आणि ती बाजूला गेली. श्रोत्यांना काय झाले ते कळलेच नाही. ते आणखी जोरात टाळ्या वाजवू लागले, कारण लय मस्त होती. नंतर नृत्यशिक्षिकेकडून समजले की त्यांनी प्रत्येक नृत्याची लय आकड्यांत लिहून त्याच कार्यालयाला कधीच पाठवली होती. ती पुढे आमच्याकडे धाडण्याचे कष्ट कोणी घेतले नव्हते. वर कार्यालयाच्या अहवालात नोंद झाली की वादकांचा नर्तकांशी समन्वय नव्हता. त्या शिक्षिका पुढे दीर्घकाळ आमच्यासोबत मुली पाठवायला तयार झाल्या नाहीत, आणि त्यांना दोष कसा द्यावा? त्या कार्यालयाच्या अर्जात विमा, वाहन क्रमांक, खाण्याची पथ्ये या सगळ्यांना रकाने होते. लयीला रकाना नव्हता. असो.

यातून जी माहिती हाती लागली ती मात्र आपल्या उपयोगाची आहे. स्टेप डान्सच्या स्पर्धांत नवशिक्या मुलांची रील १२० च्या पुढे असते आणि खुल्या गटात, म्हणजे सर्वांत तयार नर्तकांसाठी, ती ११३ वर येते. कसब वाढते तशी लय उतरते, कारण वाचलेला वेळ जास्त पदन्यासांनी भरायचा असतो. सेट डान्सिंगचे, म्हणजे जोडप्यांच्या समूहनृत्याचे, गणित वेगळे आहे (इथे सेट म्हणजे नर्तकांचा गट). क्लेअरमध्ये चार जोडप्यांचा सेट रंगात आला की ते नर्तक आपल्याकडून पुष्कळ जास्त लय मागतात आणि ती द्यावी. जमिनीवर नाचणारे पाय असतील तर पायांकडे पाहून वाजवावे. आपली अडचण अशी की पबमध्ये पायच नसतात, फक्त टाळ्या आणि ग्लास असतात. हे संगीत घडले स्वयंपाकघरांतल्या आणि चौरस्त्यांवरच्या नाचांसाठी. १९३५ च्या कायद्याने सार्वजनिक नाचाला परवाना सक्तीचा केला, नाच सभागृहांत गेला, केली बँडची, म्हणजे नाचासाठी वाजवणाऱ्या मोठ्या वाद्यवृंदांची, चलती झाली. आज आपण ज्याला प्राचीन समजतो ते पबमधले सेशन तर बऱ्याच अंशी १९५० च्या सुमारास लंडनला गेलेल्या आयरिश कामगारांमुळे रुळले. नर्तक खोलीतून गेले आणि लयीचा पहारेकरीही गेला. पुढे १९७५ मध्ये बॉथी बँड हा आयरिश पारंपरिक संगीताचा गट आला. त्यांचा आवेग मंचासाठी होता, आणि टॉमी पीपल्सचे फिडल, मॅट मोलॉयची फ्लूट व पॅडी कीननचे इलन पाइप्स (आयरिश बॅगपाइप) असल्यावर तो शोभलाही. त्यांच्या मागून आलेल्या हजारो गटांनी त्यातली फक्त लय उचलली, असे माझे ठाम आणि कदाचित अन्यायकारक मत आहे.

आपले मित्र कदाचित पूर्व क्लेअरच्या मार्टिन हेज या फिडलवादकाचे उदाहरण देतील, की तोही लय वाढवतो. वाढवतो, हे खरे. डेनिस केहिलच्या गिटारसह सिएटलमध्ये केलेले त्यांचे १९९९ चे ध्वनिमुद्रण ऐकावे. त्यात एकच सेट जवळपास अर्धा तास चालतो. पण तो चढ त्या अर्ध्या तासात पसरलेला आहे, सुरुवात बहुतेकांना धीर धरवणार नाही इतकी संथ आहे, आणि प्रत्येक पायरी ते दोघे ठरवतात, श्रोते नव्हेत. पाच मिनिटांच्या सेटमध्ये तो जिना मावत नाही.

दोन किरकोळ गोष्टी. आपण कॉर्कमध्ये आहात, तर लोकांना पटकन उठवायचे असेल तेव्हा रील ताणण्यापेक्षा कॉर्क-केरी सीमेवरच्या स्लीव्ह लूखरा भागातल्या पोल्का आणि स्लाइड या नृत्यधुना वाजवाव्यात. त्या मुळातच उसळत्या आहेत आणि तिथल्या लोकांच्या कानांत बसलेल्या आहेत. आणि आपल्या गटातला बोरान (डफासारखे आयरिश चर्मवाद्य) गर्दीच्या दमट खोलीत सैल पडत असेल तर वाजवणारा त्याची भरपाई जोराने करतो, तोही लय ढकलतो. कातडे ताणण्याच्या खुंट्या असलेला बोरान घेणे हा खर्च वाया जात नाही.

शक्य असल्यास येत्या शुक्रवारचा एखादा सेट फोनवर मुद्रित करून पहिल्या धुनेचे पहिले आठ बार आणि तिसऱ्या धुनेचे शेवटचे आठ बार इथे द्यावेत. ११२ ला आठ बारांना साडेआठ सेकंद लागतात, १३० ला सात आणि थोडे. आठ सेकंदांच्या खाली कोणत्या क्षणी उतरता आणि त्या क्षणी गिटार काय करत असते, हे ऐकले की पुढचे सांगता येईल.