तुमची मजुरी वहीत कुठे आहे?

शेतमालावर घरीच प्रक्रिया करून विकणाऱ्या वाचक भगिनींनी विचारलेल्या काही प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न: मी शेंगांची चटणी करते. 10 किलोमागे शेंगदाणे 1,200, तिखट-लसूण-जिरे-मीठ 350, पाकिटं-लेबल 200 आणि गॅस-वीज 150, असे 1,900 रुपये लागतात. मी आणि माझी जाऊ दिवसभर राबतो. सोलापूरला एसटीने जाऊन 280 रुपये किलोने माल देते. 900 रुपये सुटायला हवेत, पण महिनाअखेरीस हातात काहीच दिसत नाही. (मोहोळ तालुका)

ताई, खर्च तुम्ही नीट लिहिलाय, पण त्यात तुम्ही दोघी कुठेच नाही. दाणे निवडायचे, भाजायचे, सालं पाखडायची, उखळात कुटायचं, पाकिटं भरायची. हेच काम करायला बाहेरची बाई लावली असती तर तिला रोज दिलाच असता ना? तुमच्या भागातला खुरपणीचा रोज 350 धरू. दोघींचे 700 झाले. एसटीचं जाणं-येणं आणि हमाली 120 धरा. खर्च गेला 2,720 वर, म्हणजे किलोला 272. त्यावर परत आलेल्या, फुटलेल्या पाकिटांचे 14 रुपये धरले की 286 होतात. तुम्ही 280 ला विकताय. किलोमागे 6 रुपये पदरचे घालून सोलापूरकरांना चटणी खाऊ घालताय!

286 वर 15 टक्के नफा ठेवला तर दुकानदाराला द्यायचा दर होतो साधारण 330. तो छापील किमतीवर 20 टक्के ठेवत असेल, तर पाकिटावर किलोला 412 च्या आसपास किंमत हवी, म्हणजे 200 ग्रॅमचं पाकीट 82 रुपयांना. ‘एवढ्याला कोण घेणार?’ असं तुमच्या मनात येईल. मिक्सरमधून काढलेल्या कोरड्या चटणीशी दराची बरोबरी करू नका. कुटल्यावर दाण्याचं तेल सुटतं, चटणीचा गोळा बांधला जातो, त्याचेच पैसे गिऱ्हाईक मोजतं. पाकिटावर ‘उखळात कुटलेली’ असं ठळक छापा. आणि 700 रुपये दर खेपेला खरोखर बाजूला काढून दोघींनी वाटून घ्या, नुसते वहीत मांडू नका.

प्रश्न: आमची जवसाची चटणी कधी महिनाभर टिकते, कधी पंधरा दिवसांत खवट होते. पाकिटावर मुदत किती लिहावी? (बीड जिल्हा)

शेजारणीच्या पाकिटावरून मुदत उतरवू नका. जवसाचं तेल हवा, उजेड आणि उष्णता यांनी फार लवकर खराब होतं. एकाच घाण्याची 12 पाकिटं काढून दुकानासारख्या उबदार जागी ठेवा, दर आठवड्याला एक फोडा, वास-चव बघा आणि लिहून ठेवा. आठव्या आठवड्याला खवट लागली तर मुदत सहाच आठवडे लिहा. उन्हाळ्यात हीच चाचणी पुन्हा करा. भाजलेले जवस पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका, नाहीतर आत वाफ धरते. पारदर्शक पाकीट सुरेख दिसतं, पण उजेड आत जातो. शेंगदाणे वापरत असाल तर काळपट, सुरकुतलेले, बुरशीचे दाणे हाताने वेचून टाका. त्या बुरशीचं विष भाजून जात नाही. अन्नसुरक्षा विभागाची छोट्या उत्पादकांसाठीची नोंदणी वर्षाला 100 रुपयांत होते. तो 14 अंकी क्रमांक पाकिटावर हवाच.

प्रश्न: आमच्या बचत गटात दहा जणी. पापड-कुरडया चौघी करतात, नफा मात्र दहांत वाटतो. आता भांडणं होतात. गट मोडावा का? (सांगली जिल्हा)

गट मोडू नका, हिशोब मोडा. बचतीचं खातं दहा जणींचं राहू द्या, धंद्याचं वेगळं काढा. आधी कामाची मजुरी, ती नगावर किंवा किलोवर, त्याच दिवशी वहीत सहीनिशी. उरलेला नफा ज्यांनी भांडवल घातलं त्यांच्यात. सुरुवातीच्या काळात मीही गटांना ‘सगळं समान वाटा’ असंच सांगायचे. हेतू चांगला होता, पण राबणाऱ्या बायका आधी थकल्या, मग रुसल्या. 1959 मध्ये गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जतकडे बघा. तिथे प्रत्येक बहिणीला तिने लाटलेल्या पापडाच्या वजनावर ‘वणाई’, म्हणजे लाटण्याची मजुरी, मिळते. ज्या सहा जणींना रोज येणं जमत नाही, त्यांना घरी करता येईल असं काम द्या. एखादीच्या घरी आजारी सासू असते. तिला आळशी म्हणू नका.

प्रश्न: मसाल्याची चक्की घ्यायची आहे. बँकेत सांगितलं, सातबारा आणा, नवऱ्याला आणा. जमीन सासऱ्यांच्या नावावर. शिवाय माझी वर्षभराची विक्री ‘दिसत नाही’ म्हणतात. (जुन्नर तालुका)

पहिली गोष्ट: सूक्ष्म उद्योगाच्या निदान 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चक्की घरच्या जागेत बसवणार असाल तर सासऱ्यांचं संमतीपत्र किंवा भाडेकरार जोडा. नकार मिळाला तर कारण लेखी मागा. लेखी मागितलं की बोलण्याचा सूर बदलतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

दुसरी: सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी 2020 मध्ये केंद्राची योजना सुरू झाली. तिच्यात प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख अनुदान ठरलं आणि निदान 10 टक्के पैसे स्वतःचे लागतात. सध्या अर्ज घेतात का आणि कसे, ते तालुका कृषी कार्यालयात विचारा. अनुदानाचे पैसे लगेच हातात पडत नाहीत, ते कर्जखात्याशी बांधलेले असतात आणि तीन वर्षं हप्ते नीट गेले की वळते होतात. प्रस्तावासाठी जिल्हा संसाधन व्यक्ती मदत करते, तिचं मानधन सरकार देतं. कोणी टक्केवारी मागितली तर देऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. विक्री का दिसत नाही, ते तुमच्या पत्रातल्या एका ओळीतच आहे: ‘क्यूआर मिस्टरांच्या फोनला जोडलाय.’ वर्षभर मसाला तुम्ही कुटलात आणि पैसे त्यांच्या खात्यात गेले. बँकेच्या लेखी धंदा त्यांचाच! उद्याच स्वतःच्या नावाने खातं आणि स्वतःचा क्यूआर घ्या. छोट्या उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणीही तुमच्याच नावाने करा, ती फुकट असते. रोखीची विक्रीसुद्धा आठवड्याला खात्यात भरा. सहा महिन्यांनी तेच खातेपुस्तक घेऊन बँकेत जा.

जमिनीचंही घरात बोलून ठेवा. 1986 मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या अधिवेशनाला बायका प्रचंड संख्येने जमल्या होत्या. पुढे संघटनेचे नेते शरद जोशींनी बायकोच्या नावावर जमीन करण्याची ‘लक्ष्मी मुक्ती’ मोहीम चालवली, आणि नवऱ्याबरोबर बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय सरकारने केली. त्यासाठी जमीन आधी तुमच्या यजमानांच्या नावावर यायला हवी. सासरे हयात आहेत, तोवर त्यांच्यासमोरच हा विषय काढा. वाटणीच्या वेळी घाईगर्दीत तुमचं नाव कोणाच्या लक्षात राहणार नाही.