जर्नलवर 'इम्पॅक्ट फॅक्टर ५.८' छापलंय, दोन दिवसांत पेपर स्वीकारला, छापण्याचे पैसे भरू का?

भरू नका. मी सोलापुरात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि हीच चूक मी केली आहे.

डाळिंबावरच्या तेल्या रोगाचा माझा पहिला पेपर असाच तीन दिवसांत 'ॲक्सेप्ट' झाला. एका शब्दाचीही दुरुस्ती सुचवली नाही. अंक आला तेव्हा माझ्या आधी सहकारी बँकांवरचा लेख, नंतर कादंबरीतल्या स्त्रीपात्रांवरचा. रोगाच्या जिवाणूचं नाव मी एके ठिकाणी चुकीचं टाइप केलं होतं, ते तसंच छापलं. पेपर कुणी वाचलाच नव्हता. आजही ती चूक माझ्या नावावर आहे.

आता त्या आकड्याचं. मागच्या दोन वर्षांत जर्नलने १०० लेख छापले आणि यंदा निघालेल्या लेखांत त्यांचे २५० उल्लेख झाले, तर इम्पॅक्ट फॅक्टर २.५. ही कल्पना अमेरिकेतले माहितीशास्त्रज्ञ यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये मांडली. अधिकृत आकडा फक्त क्लॅरिव्हेट या कंपनीच्या 'जर्नल सायटेशन रिपोर्ट्स'मध्ये मिळतो. तिथे तुमचं जर्नल नसेल तर ते ५.८ दुसऱ्याच कुणीतरी दिलेलं आहे, अधिकृत नाही. खरा आकडासुद्धा सरासरी असते, दोनचार गाजलेल्या लेखांनी फुगते. शिवाय गणितातल्या लेखांचे उल्लेख सावकाश होतात, वैद्यकातले भराभर; म्हणून तुलना आपल्याच विषयातल्या जर्नलांशी करा.

आयएसएसएन बघून निर्धास्त होऊ नका, तो नुसता ओळख क्रमांक आहे. चांगल्या जर्नलचं नाव आणि क्रमांक चोरून बनावट वेबसाइटही काढतात. विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) मान्य जर्नलांची 'केअर' यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे पारख आता आपल्यालाच करावी लागते. मी त्या जर्नलमधले माझ्या विषयाचे तीन लेख अथपासून इतिपर्यंत वाचते. संपादक मंडळातल्या एकदोघांना त्यांच्या संस्थेच्या पत्त्यावर मेल करून 'तुम्ही खरंच या मंडळात आहात का?' असं विचारते. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ कुठे छापतात, तेही पाहते.

दुसऱ्या पेपरला सात महिने लागले. 'तुलनेसाठी फवारणी न केलेली झाडं किती ठेवली होती?' असं परीक्षकाने विचारलं. मी ती ठेवलीच नव्हती. सांगोल्याच्या त्याच बागेत पुढचा बहार धरेपर्यंत थांबले आणि प्रयोग पुन्हा केला.

तुम्ही आजच त्यांना 'पेपर मागे घेत आहे' असं लेखी कळवा. कॉपीराइट फॉर्मवर सही करू नका, नाहीतर तोच पेपर दुसरीकडे पाठवताना अडचण येईल.