कोटेशनमध्ये न लिहिलेले चार लाख

पत्र मिरजेहून आलंय. लिहिणाऱ्या सिस्टर २८ वर्षांच्या, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या, एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत पाच वर्षं आहेत. पगार हातात २६,५००. वडिलांची तासगावकडे द्राक्षबाग आणि बागेवर पीककर्ज. एका एजन्सीने त्यांना जर्मनीत नर्स म्हणून पाठवायचं पॅकेज दिलंय, ४ लाख ८० हजारांचं. त्यातले ५० हजार भरून झालेत. प्रश्न एका ओळीचा आहे: "उरलेल्या पैशांसाठी साडेतीन लाखांची एफडी मोडू की आईच्या सोन्यावर कर्ज काढू? सोन्यावर साडेनऊ टक्के सांगतायत."

प्रश्न एका ओळीचा असला तरी पत्र अडीच पानांचं आहे. दुसऱ्या पानाच्या तळाशी, जाता जाता लिहावं तसं हे वाक्य: "जर्मनचा क्लास दिवसभराचा असल्याने १ तारखेला राजीनामा दिला आहे, ३० ला सुटेन." ते वाचल्यावर छापायची वाट न बघता मी त्यांना फोन केला. तेव्हा बोललो ते असं.

ताई, सोनं की एफडी ते नंतर बघू. आधी मेट्रनना भेटा आणि राजीनामा मागे घ्या. आयसीयूचा तयार स्टाफ मिळत नाही म्हणून सगळीच हॉस्पिटलं रडतायत, त्या हसत परत घेतील. फार तर दोन टोमणे मारतील.

का, त्याचा हिशेब. एजन्सी म्हणते सहा महिन्यांत बी टू, म्हणजे ए वन, ए टू, बी वन यानंतरची जर्मन भाषेची चौथी पायरी. जर्मन शिकवणारे लोक स्वतः बी टूपर्यंत सहाशे ते आठशे तासिका धरतात. सहा महिन्यांत बसवायचं तर आठवड्याला सत्तावीस-अठ्ठावीस तासिका, वर घरचा अभ्यास, आणि चारही परीक्षा पहिल्या फटक्यात पास. होतं काहींचं. बहुतेकांना वर्ष लागतं. मग कागदपत्रांची भाषांतरं, मान्यतेचा अर्ज, मुलाखत, व्हिसा. आजपासून विमानात बसेपर्यंत मी सव्वा वर्ष धरतो. पंधरा महिने गुणिले २६,५००, म्हणजे चार लाखांच्या आसपास. एजन्सीच्या कोटेशनमध्ये ही ओळ नाही, आणि तुमच्या प्रश्नातही नाही. व्याजाच्या एका टक्क्यासाठी तुम्ही दोन रात्री जागलात आणि चार लाख एका अर्जावर सही करून सोडून दिलेत.

शिवाय नुसता पगारच नाही. जर्मनीत तुमचा जीएनएमचा कोर्स त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून बघतात. कमी पडलेल्या गोष्टींची यादी पत्राने येते, त्याला डेफित्सिटबेशाइड म्हणतात. ती कमतरता भरायला एक तर तिथे ट्रेनिंग करायचं किंवा ज्ञानाची परीक्षा द्यायची, तोंडी आणि प्रात्यक्षिक. पण तुमचा कामाचा अनुभव त्या कमतरतेच्या बदल्यात धरता येतो. म्हणजे आयसीयूतला एकेक महिना तुमच्या फाइलला वजन देतो, आणि तुम्ही घरी बसून तोच थांबवायला निघालाय. एक्सपिरियन्स लेटरवर नुसतं "स्टाफ नर्स, वर्तन चांगले" नको. कुठला वॉर्ड, किती महिने, व्हेंटिलेटर, सेंट्रल लाइन, काय काय हाताळलं ते लिहून घ्या.

क्लास संध्याकाळचा किंवा ऑनलाइन लावा, आठवड्याला बारा-पंधरा तासिकांचा. ड्युटी फिक्स करून मागा, नाइट कमी करा, हजार-दोन हजार कमी मिळाले तरी चालतील. आधी ए टू पर्यंत जा. त्याला तीस-चाळीस हजार लागले तर लागू देत. तिथवर भाषा अंगवळणी पडली नाही तर नुकसान तेवढंच, आणि नोकरी शाबूत.

आता ते कोटेशन. तुम्ही फोटो पाठवलाय, गुलाबी कागद, चार ओळी. भाषा १,४०,०००. डॉक्युमेंटेशन १,१०,०००. इंटरव्ह्यू अरेंजमेंट ९०,०००. प्लेसमेंट सर्व्हिस १,४०,०००. मला दुसरी ओळ फार आवडली. जर्मनीच्या नोकरीच्या व्हिसाची फी ७५ युरो आहे. मान्यतेच्या अर्जाची फी राज्याप्रमाणे बदलते, पण ती काही शे युरोंत बसते. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचे कागद, नोटरी, भाषांतरं सगळं धरून मी साठ-सत्तर हजारांच्या वर जात नाही. उरलेले चाळीस हजार त्या गुलाबी कागदाचे असावेत.

तिसऱ्या आणि चौथ्या ओळीचे एवढे पैसे तर घ्यायचेच नसतात. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते, आणि उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार आणि वर जीएसटी घेता येतो. नोंदणी आहे की नाही ते सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं. तिकडे जर्मन सरकारचं एक गुणवत्ता चिन्ह आहे, फेर आनवेर्बुंग प्फ्लेगे डॉइचलांड (तोंडात बसायला मलाही वेळ लागला), त्याचा पायाच हा की भरतीचा खर्च मालकाने करायचा. केरळच्या नर्सेस नोर्का रूट्स या तिथल्या सरकारी संस्थेमार्फत जर्मनीच्या ट्रिपल विन भरती योजनेतून जातात, त्यांच्याकडून भरतीचे पैसे घेत नाहीत. आपल्या राज्य सरकारनेही २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केलाय, त्यात रुग्णालयातल्या नर्सेस आहेत. ती चौकशी तुम्ही केलीच नाहीत, कारण एजन्सीचं ऑफिस स्टँडजवळ आहे आणि एसी आहे.

अमेरिकेचं नाव काढलं नाहीत ते बरं केलंत. एन्क्लेक्स (तिथली नर्सिंग परवान्याची परीक्षा) पास होऊन बसलेल्या नर्सेस मला भेटतात. नर्सेस ज्या वर्गात मोडतात त्यात भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग दहा वर्षांहून जास्त मागे आहे, आणि परीक्षेचा क्लास विकणारा हे शेवटच्या दिवशी सांगतो.

कमाईचं. तुम्ही लिहिलंय, "महिना तीन लाख, दोन वर्षांत मिरजेत फ्लॅट." मान्यता मिळेपर्यंत तुम्ही तिथे मदतनीस म्हणून काम कराल. साधारण २,६०० युरो पगार, त्यातून कर, पेन्शन, आरोग्य विमा कापून हातात १,८०० च्या आसपास. खोली ५५०, खाणं ३००, बस-फोन-गरम कपडे दीडशे. उरले ८००. हिशेबाला युरो शंभर रुपये धरला तर ८० हजार. मान्यतेनंतर हातात २,२०० येतील, अकराशे-बाराशे उरतील. ही रक्कम वाईट नाही, तुमच्या आजच्या अख्ख्या पगाराच्या चौपट शिल्लक आहे. म्हणून जाऊ नका असं मी म्हणत नाही, जा. पण फ्लॅट पाच-सहा वर्षांनी, आणि तोसुद्धा बाबांचं पीककर्ज फिटल्यावर.

आणखी एक, हेही तुम्ही विचारलेलं नाही. मूळ एफडी साडेचार लाखांची होती. ती नूतनीकरणाला गेली तेव्हा बँकेतल्या साहेबांनी त्यातल्या एका लाखाची "गॅरंटीड इन्कम" पॉलिसी दिली, दरसाल एक लाख, बारा वर्षं. कारण काय, तर "एनआरआय झाल्यावर असा प्लॅन घेता येत नाही." साफ खोटं. एनआरआय लोक पॉलिसी घेतात, रोज घेतात. २६,५०० पगार असलेल्या, त्यातून राजीनामा दिलेल्या मुलीच्या गळ्यात बारा लाखांचं बंधन बांधलं, आणि परतावा काढून बघितला तर साडेपाच टक्क्यांच्या आसपास. एफडीच बरी होती की. विमा कवच किती, तर दहा लाख. आईबाबा तुमच्यावर अवलंबून आहेत म्हणून विमा हवा असेल तर साधा टर्म घ्या, पन्नास लाखांचा. तुमच्या वयाला वर्षाला सहा-सात हजारांत व्हायला हवा.

पॉलिसीचा कागद तुम्हाला ९ तारखेला मिळाला. कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, कारण सांगावं लागत नाही. स्टॅम्प ड्यूटी आणि तेवढ्या दिवसांच्या कवचाचे पैसे वजा होतील, बाकी सगळे परत. अर्ज विमा कंपनीच्या नावाने दोन प्रतींत लिहा, ईमेलही करा. बँकेत "साहेब रजेवर आहेत" म्हणतील, मग कंपनीच्या सांगलीच्या शाखेत जाऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या. साहेबांचा फोन येईल, "मॅडम, एकदा भेटून बोलू." भेटू नका.

आता तुमचा प्रश्न. नोकरी चालू राहिली, पॉलिसीचा लाख परत आला, आणि एजन्सीच्या शेवटच्या दोन ओळी कापल्या, तर कर्ज कशासाठी काढायचं? क्लासची फी पगारातून जाईल. पुढे व्हिसा आणि तिकिटाला एकदम दीडेक लाख लागले तर एफडीवर ओव्हरड्राफ्ट (एफडी तारण ठेवून उचल) घ्या, एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त पडतो आणि एफडी मोडावी लागत नाही. आईच्या पाटल्या आईच्या हातात राहू देत.

भरलेले ५० हजार लेखी मागा, भाषेचे झालेले तास वजा करून. परत मिळतील असं मी धरत नाही, तुम्हीही धरू नका. पण तुमची मूळ सर्टिफिकेटं त्या ऑफिसच्या कपाटात आहेत असं पत्राच्या शेवटी लिहिलंय. ती पैशांच्या भांडणाआधी आणा. उद्या सकाळी ड्युटीला जाताना, वडिलांना बरोबर घेऊन.